आईसा आणि केळझरचा पेढा

१

सासूबाई हवेतला कापूस वेचत होत्या.

ओसरीच्या खांबाला टेकून त्या बसल्या होत्या. उजवा हात पुढे जायचा, चिमटीत काहीतरी अलगद धरायचा, ओच्यात टाकायचा आणि पुन्हा पुढे जायचा. समोर काहीच नव्हतं. दुपारचे तीन वाजलेले, अंगणभर ऊन. मी जवळ गेले तर चेहरा लालबुंद, ओठ कोरडे, आणि बुबुळं इतकी पसरलेली की ते डोळे त्यांचे वाटेनात.

"आई," मी हाक मारली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू कोनाची व पोरी? सरक तिकडं. हे कपाशीचं माहं तास हाये, माही ओळ."

आज मी नव्वदीला टेकले आहे. पुष्कळ पाहिलं. पण भीती म्हटली की मला तोच हात दिसतो.

साल १९५४. माझ्या सासरचं गाव रोहणा तेव्हा मध्य प्रदेशात होतं. माझ्या लग्नाला सात महिने झाले होते. नवरा, श्रीधर, वर्ध्याच्या कचेरीत कारकून. शनिवारच्या मोटारीनं यायचे. सासरे नव्हते. घरात सासूबाई प्रमिलाबाई, त्यांची विधवा नणंद जिजाआत्या आणि त्यांचेच धाकटे दीर नत्थूजी. नत्थूजी शेती पाहायचे. जिजाआत्या चूल सांभाळायच्या, आणि घरच्या किल्ल्याही त्यांच्याच कमरेला असत.

आदल्या दिवशी संकष्टी होती. मी माहेरी, केळझरला, गणपतीच्या दर्शनाला गेले होते आणि त्या गुरुवारी दुपारी बारा वाजता परतले होते. येताना प्रसादाचे पेढे आणले. सगळ्यांचे एका पुड्यात, आणि गुरुजींनी देवाच्या पायाजवळचा उचलून दिलेला एक मोठा पेढा सासूबाईंसाठी वेगळा, पानात गुंडाळून. तो मी माझ्या हातानं त्यांच्या हातात ठेवला होता.

माझी हाक ऐकून जिजाआत्या धावत आल्या. वावरातून नत्थूजी आले. जिजाआत्या कपाळ बडवत म्हणाल्या, "केळझरचा पेढा खाल्ला न् भाऊ, तवापासून असं! म्या माह्या डोयानं पाह्यलं. तोंडात टाकला अन् म्हने, जिजे, कडू लागून राह्यला, पानी दे."

थोड्या वेळानं अण्णाजी वैद्य आले. सासूबाईंना दम्याचा त्रास, म्हणून त्यांचं औषध कायम चालू असे. त्यांनी मिठाचं पाणी पाजून उलटी करवली, आणि परातीत बोट फिरवून काहीतरी उचललं. दिव्याच्या काजळीसारखं तोंड झालं त्यांचं.

"धोतरा हाये," ते म्हणाले. "बी वाटून दिलं कोनीतरी."

सगळे माझ्याकडे पाहू लागले.

२

नत्थूजींनी मला कापसाच्या खोलीत बंद केलं.

"श्रीधर परवा येते," ते दाराबाहेरून म्हणाले. "आला का त्याच्या डोयापुढं आर्वीच्या ठाण्यात नेतो तुले. आमच्या घरात असं कधी झालं नाई."

खोलीत आढ्यापर्यंत कापूस होता. त्यात आवाज बुडून जातो. मी रडले तरी मला माझंच रडणं लांबून आल्यासारखं ऐकू येत होतं. मात्र दार ओसरीवर उघडायचं, आणि दाराच्या फटीतून ओसरीवरचं सगळं कळायचं. सासूबाई सारख्या बडबडत होत्या. कधी मेलेल्या सासऱ्यांना वाढत होत्या, कधी भिंतीवरून मुंग्या उतरल्या म्हणून ओरडत होत्या. कपडे बदलायला मला तेवढं बाहेर काढलं, कारण विषबाधा झालेल्या माणसाच्या उलटीला हात लावायला कोणी तयार नव्हतं. त्यांचं लुगडं मी सोडलं, दुसरं नेसवलं. पदराला बायका सुपारी बांधतात तशी एक गाठ होती. लुगड्याचा बोळा मी मोरीजवळ टाकला, आणि पुन्हा आत.

भीती दोन प्रकारची होती. पहिली, मला फाशी देतील. दुसरी हळूहळू आली आणि ती जास्त वाईट होती. मी तर विष दिलं नव्हतं. म्हणजे ज्यानं दिलं तो बाहेर होता. सासूबाईंच्या उशाशी बसत होता, त्यांना पाणी पाजत होता.

शुक्रवारी सकाळी जिजाआत्यांनी दार किलकिलं करून भाकरीचं ताट आत सरकवलं. मी ताटाकडे पाहत राहिले. घास तोंडापर्यंत जाईना.

"खाय न्," त्या म्हणाल्या. मग फटीला तोंड लावून हळूच, मायेनं म्हणाल्या, "पाय पोरी, कबूल करून टाक. म्हन, चुकून झालं. पोलिसात नाई जाऊ देत मी तुले. नत्थूले मी समजावतो. गपचूप माहेरी जाय, अन् तिथंच राह्य. कोनी काई नाई करत तुले."

त्या मायेनं माझा धीर सुटला. वाटलं, खरंच म्हणून टाकावं. केळझरच्या घरी जाऊन आईच्या कुशीत पडावं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात अंगणातून आवाज आला.

"दंडवत!"

३

आईसा आल्या होत्या.

त्यांचं नाव हिराइसा. महानुभाव पंथाच्या तपस्विनी. सत्तरी ओलांडलेली, अंगावर एकच विटकं लुगडं, खांद्याला झोळी. गावोगाव फिरायच्या, भिक्षा मागून जेवायच्या, महिन्यातून एकदा आमच्या ओसरीवर टेकायच्या. सासूबाईंशी त्यांचं फार जमायचं. मी चहा घेऊन गेले की दोघी बोलणं थांबवायच्या. गावात त्यांच्याबद्दल एक वेगळंच बोललं जायचं: पुलगावच्या एका घरातली हरवलेली नथ कोणाकडे आहे, ते त्यांनी नुसतं ओसरीवर बसून सांगितलं होतं म्हणे. कोणी विचारलं की म्हणायच्या, "भिकाऱ्यापुढं कोनी तोंड सांभाळत नाई बाबा. मी फक्त ऐकते."

त्यांनी सासूबाईंची नाडी पाहिली, पापणी वर करून पाहिली, आणि तिथेच फतकल मारली.

"नत्थू, आजपासून प्रमिला माह्या झोळीतलं खाईन. दुसरं काई नाई. पानीसुद्धा मी आनीन."

"काऊन? आमच्या घरी काय अन्न नाई?" नत्थूजी चिडले.

"हाये. त्यातच तर कोनीतरी कालवलं न्? माही भिक्षा सात घरची. कोन्या घरचं काय पडन ते मलेच ठाऊक नसते, अन् सगळं एकात कालवून खायचं असा आमचा नेम. तिच्यासाठी म्हून कोनाले त्यात काई घालता येत नाई. घातलं तर पहिले मी मरीन."

मग त्या एकेकाशी बोलल्या. मी फटीला कान लावून बसले होते.

आधी अण्णाजी. त्यांचा आवाज कापत होता. "आईसा, खरं सांगतो. दम्याच्या धुरीसाठी मी तिले धोतऱ्याची वाळली पानं देत असतो. लोक म्हनतीन वैद्यानंच मारलं."

"परातीत पान होतं का बी?"

"बी. वाटलेलं. मिरचीच्या बीवानी दिसते, पन मिरचीचं नाई. बी मी कोनाले देत नाई. अन् द्याले कायले पाह्यजे? उकिरड्याउकिरड्यावर धोतरा हाये."

"किती वेळात चढते?"

"तासाभरात. दोन तास डोक्यावरून पानी."

मग नत्थूजी. त्यांचं आणि सासूबाईंचं आठ दिवसांपूर्वी मोठं भांडण झालं होतं, ते गावाला माहीत होतं. विहिरीजवळचं सहा एकर सासूबाई भूदानात द्यायचं म्हणत होत्या.

"भांडलो," नत्थूजी म्हणाले. "आताही भांडीन. वावर माह्या घामाचं हाये. पन वहिनीनं मले मांडीवर वाढवलं, आईसा. अन् काल मी उजाडल्यापासून वेचणीवर होतो, चाळीस बाया साक्ष देतीन. माहा पेढा तसाच फळीवर पडून हाये."

"प्रमिलाले पेढा खाताना तू पाह्यलं?"

"नाई. मी घरी होतोच कुठी? जिजी म्हनते."

मग जिजाआत्या. त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, रडत रडत, एकही शब्द न बदलता. तोंडात टाकला, कडू लागून राह्यला म्हने, पानी मागतलं.

"दुपारी काय रांधलं होतं?" आईसांनी विचारलं.

"रोजचंच. भाकर, वांगं, वरन. अन् वहिनीसाठी ठेचा. तिखटाबिगर तिले घास उतरत नाई. ही केळझरची ठेच्याले शिवत नाई, अन् मले पित्त."

"सून आली तेव्हा जेवन झालं होतं?"

"नाई. ते आली, पेढे दिले, मग पानं घेतले."

आईसा उठल्या. मग त्यांची पावलं माझ्या दाराशी आली. कडी वाजली. मला वाटलं, आता मलाच विचारणार, विष कुठून आणलं.

४

त्या आत आल्या, कापसावर टेकल्या आणि समोरचं न खाल्लेलं ताट पाहिलं.

"भेव वाटते?"

मी मान हलवली.

"वाटाले पाह्यजे. ज्यानं हे केलं ते मानूस या घरातच हाये." त्यांनी झोळीतून कालवलेल्या भाकरीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "हे खाय. सात घरचं हाये."

कालच्या दुपारनंतर मी पहिल्यांदा खाल्लं.

"आता सांग. पेढा दिला तवा प्रमिलानं काय केलं?"

"हातात घेतला. म्हणाल्या, बरं झालं गेलीस ते. मी पाय धुवायला मागे गेले."

"कपाळाले लावला?"

मी आठवू लागले. आमच्याकडे प्रसाद हातात आला की आधी कपाळाला लागतो, मग तोंडात. "नाही," मी म्हणाले. "नुसता मुठीत धरला."

"गेल्या चार महिन्यांत देवघरात दिवा कोन लावते?"

"मी. त्याच म्हणाल्या, आता तू लावत जा."

"काल नेसलेलं लुगडं कुठी हाये?"

मी सांगितलं. त्या उठल्या, मोरीजवळ गेल्या. फटीतून मला त्या दिसत होत्या. त्यांनी तो बोळा उचलला, पदर शोधला, गाठ बोटांनी चाचपली. पण ती सोडली नाही. लुगडं तसंच गुंडाळून त्यांनी आपल्या उशाशी ठेवलं.

परत येऊन म्हणाल्या, "मी येन्याआधी दाराशी कोन बोलून राह्यलं होतं?"

मी जिजाआत्यांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. आईसांनी डोळे मिटले.

"तू कबूल करनार होती?"

"हो."

"करू नको. उद्या दुपारपर्यंत, काही झालं तरी, कोनी कितीही मायेनं बोललं तरी, करू नको."

"आईसा, तुम्हाला कळलं का कोणी केलं ते?"

"मले आधीपासून एक गोष्ट ठाऊक हाये, पन ते माही नाई. प्रमिलाची हाये, अन् मी तिले शब्द देला का तिचा लेक आल्याबिगर तोंडातून काढनार नाई. तिची गोष्ट तिनंच सांगावं." दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "पन एक सांगते. या घरात तिघं माह्याशी बोलले. दोघं भेऊन बोलले. एक जन घोकून बोललं."

बाहेर सासूबाईंचं बडबडणं थांबलं होतं. एकदम शांत झालं होतं. मला वाटलं, गेल्या.

५

गेल्या नव्हत्या. झोपल्या होत्या. शनिवारी सकाळी उठल्या तेव्हा त्यांनी मला हाक मारली, माझ्या नावानं. जिजाआत्यांनी ती ऐकली आणि चुलीतला निखारा त्यांच्या चिमट्यातून खाली पडला.

दुपारी श्रीधर आले. नत्थूजींनी त्यांना वेशीवरच गाठून सगळं सांगितलं होतं. ओसरीवर आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दार उघडलं होतं, मी उंबऱ्यात उभी होते, आणि माझा नवरा जमिनीकडे पाहत होता. त्या क्षणी मला ठाण्याचीही भीती उरली नाही. जायचं तर कुठेही जायचं, एवढंच वाटलं.

"आई, गुरुवारी काय झालं ते सांगा," ते म्हणाले.

सासूबाईंनी पुष्कळ प्रयत्न केला. "सुमती केळझराहून आली. मंग... मंग काई नाई रे. अंधार हाये मधात. पेढा खाल्ला का नाई, जेवली का नाई, काहीच आठवत नाई."

"धोतऱ्यानं तसंच होते," अण्णाजी म्हणाले. "तो दिवस तिले कधीच आठवनार नाई."

जिजाआत्यांनी पदरानं डोळे पुसले. "आता काय राह्यलं? नत्थू, बैल जुंप."

नत्थूजी उठले.

"थांब," आईसा म्हणाल्या. "प्रमिला, गुरुवारचं राहू दे. चार महिन्यांमागचं आठवते का?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "हाव. आठवते."

"सांगतं का? लेक आला तुहा."

"श्रीधर, म्या आईसांचा उपदेश घेतला. महानुभाव झाली मी. तू रागावशीन म्हून कोनाले सांगलं नाई. आता पंथाबाहेरच्या देवाचा प्रसाद मले चालत नाई. कोनाचं मन दुखवाचं नाई म्हून मी हातात घेते, पदरात बांधते, अन् सांजेले गाईले देते. चार महिन्यांत कन खाल्ला नाई."

आईसांनी ते मळकं लुगडं सगळ्यांच्या मध्ये ठेवलं आणि गाठ सोडली. आतून पान निघालं. पानात केळझरचा पेढा होता, अख्खा, त्यावर दाताची खूणसुद्धा नव्हती. त्यांनी तो श्रीधरांच्या देखत मोडला, एक तुकडा अण्णाजींना दिला. अण्णाजींनी जिभेवर ठेवला.

"गोड हाये," ते म्हणाले. "नुसता गोड."

मग आईसा बोलल्या, आवाज न चढवता. "जिजा, मी तुले दोष देन्याआधी सतरांदा विचार केला. मानसं न पाह्यलेलंही पाह्यलं म्हनतात. पेढा हातात घेताना तू पाह्यलं, म्हून खाल्लाच असन असं वाटलं तुले, असं मी म्हटलं. पन तू चव सांगली. जे तोंडात गेलंच नाई ते कडू लागलं म्हने. अन् ते तू कवा सांगलं? अण्णाजीनं धोतऱ्याचं नाव काढन्याच्या आधी. कडू काय होतं ते त्या घटकेला या घरात एकाच मानसाले ठाऊक होतं."

जिजाआत्यांची मूठ कमरेच्या किल्ल्यांवर आवळली.

"पेढा नाई तर काय? पेढ्यानंतर पानं वाढले. सगळ्यांनी एकच जेवन जेवलं, ठेचा तेवढा एकटीच्या ताटात. वाटलेल्या मिरचीत ते बी कोनाले दिसत नाई. तू सून केळझरले जायची वाट पाहून होती. दर संकष्टीले जाते, प्रसाद आनते. पेढ्यावर बालंट घेता येते. फक्त वहिनी पेढा खात नाई, हे तुले माहीत नव्हतं. एका चुलीवर जेवता, पन कोन काय देवाचं मानते ते तिनं तुह्यापासूनही लपवलं."

"जिजे?" सासूबाई म्हणाल्या. "काऊन व?"

"माराचं नव्हतं," जिजाआत्या म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "चिमूटभरच होतं. माराचं असतं तर मूठभर घातलं असतं. तू अन् आईसा ओसरीवर बोलत होत्या. खिडकीतून ऐकलं म्या. किल्ल्या आता सुनेले देतो म्हने. मी चौदाव्या वर्षी पांढरं कपाळ घेऊन आली या घरात. तीस वर्षं चुलीत फुकलं. कालची पोट्टी आली अन् तिच्या हाताखाली मी भाकर थापू? तिले माहेरी धाडाची होती, बस. तिथंच राह्यली असती. कोनी मेलं नसतं."

"मी संन्यास घेनार होती, जिजे," सासूबाई म्हणाल्या. "म्हून किल्ल्या. तुले माह्यासंगं ये म्हननार होती."

जिजाआत्यांनी पदर तोंडात कोंबला.

नत्थूजी अजून उभेच होते. श्रीधर म्हणाले, "काका, ठाण्यात..."

"नाई," सासूबाई म्हणाल्या. "विष मले देलं. फिर्याद करायची का नाई ते मीच ठरवीन. मी करत नाई."

६

रविवारी सकाळी नत्थूजींनी जिजाआत्यांना त्यांच्या दिराच्या गावी सोडलं. जाताना त्या माझ्यासमोर थांबल्या, पण बोलल्या नाहीत. मीही बोलले नाही. पुढे कैक वर्षं मी मनात त्यांच्याशी भांडत राहिले, आणि आता त्यांच्या वयाच्या दुप्पट होऊन बसले आहे तर भांडण संपलं आहे, राग कुठे गेला ते कळत नाही. आईसा भिक्षेला निघून गेल्या. त्या एका ठिकाणी तिसऱ्या दिवसानंतर थांबत नसत.

आणि चूल माझ्याकडे आली.

मी वरण केलं, भाजी केली, भाकरी थापल्या. तिखटाला हात लावायचं धैर्य झालं नाही. चार पाटांवर चौघं बसले: सासूबाई, नत्थूजी, श्रीधर, आणि पथ्य सांगायला आलेले अण्णाजी. मी वाढलं आणि मागे सरून उभी राहिले.

कोणी घास उचलला नाही.

नत्थूजी ताटाभोवती पाणी फिरवत राहिले, एकदा, दोनदा. अण्णाजींनी वरणात बोट घातलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि मी पाहते आहे हे लक्षात येताच ओशाळले. श्रीधरांचा हात मांडीवरच होता. सगळ्यांना माहीत होतं मी काही केलं नाही. पेढा त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला होता. तरीही तो हात मांडीवरून उठत नव्हता. मी पाहिलं आणि समजले की या घरात मी जन्मभर अशीच उभी राहणार आहे, वाढून झाल्यावर, श्वास धरून.

सासूबाईंचा हात अजून कापत होता. त्यांनी भाकरी मोडली, वरणात बुडवली. अर्धं वरण पाटावर सांडलं. घास तोंडात घातला. चावला. गिळला. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा.

मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मीठ कमी हाये व. उद्या पाहून टाकजो."